चेहरा नवा, बाबा तेच? रीबूटचा प्रश्न आणि तुमचा विषय

‘यावर आधीच एवढं काम झालंय, मग तुम्ही परत कशाला?’ पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न तुम्हाला येणार, हे आत्ताच लिहून ठेवा. मला आला होता. मी विषय सांगितला होता, शिर्डीच्या साईबाबांवरचे सिनेमे आणि मालिका. समितीतल्या एका सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘एकच गोष्ट, दर वेळी नवा नट. यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?’ मी तेव्हा ‘सामाजिक-सांस्कृतिक परिप्रेक्ष्यातून’ असं काहीतरी गुळमुळीत बोलले. सरांनी चष्मा परत लावला. त्या उत्तराची लाज मला अजून वाटते, म्हणून ही पोस्ट.

गंमत अशी की हाच प्रश्न सुपरहिरोंच्या सिनेमांना कायम विचारला जातो. स्पायडरमॅनचंच बघा. २००२ मध्ये टोबी मग्वायर, २०१२ मध्ये अँड्र्यू गारफील्ड, २०१६ पासून टॉम हॉलंड. मग्वायरचा शेवटचा भाग २००७ ला आला आणि पाचच वर्षांत गोष्ट परत पहिल्यापासून सुरू. तोच कोळी चावतो, तेच काका मरतात. प्रेक्षक वैतागले, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्यामागे कराराचा भागही होता: सोनी कंपनीला स्पायडरमॅनचे हक्क हातात ठेवायचे तर ठरावीक काळात सिनेमा काढावाच लागतो. म्हणजे गोष्ट परत सांगायची गरज गोष्टीला नव्हती, कागदाला होती. २०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये मात्र चावणारा कोळीही दाखवला नाही आणि काकांचा मृत्यूही नाही. तुम्हाला ते माहीत आहे असं गृहीत धरून सिनेमा पुढे गेला. माझ्या मते तिसऱ्या वेळचं शहाणपण तेच.

आपल्याकडे ‘शक्तिमान’चं तेच चाललंय. १९९७ ला दूरदर्शनवर मुकेश खन्ना आले, पोरांनी गोल गोल फिरून डोकी फोडून घेतली. २०२२ मध्ये मोठ्या पडद्यावरच्या शक्तिमानची घोषणा झाली आणि तेव्हापासून सगळी चर्चा एकाच गोष्टीवर, नट कोण? नवी गोष्ट काय असेल, हे कुणी विचारताना मी तरी ऐकलं नाही.

आता शिर्डीकडे येते. आधीच स्पष्ट करते, साईबाबा म्हणजे सुपरहिरो असं मी म्हणत नाहीये. आमचं गाव राहात्याजवळ आहे, आणि असं काही आजीसमोर बोलले तर जेवायला मिळणार नाही. तुलना आहे ती सिनेमा करण्याच्या पद्धतीची. एकच व्यक्तिरेखा, प्रेक्षकाला पाठ असलेले प्रसंग, आणि दर पिढीला नवा चेहरा. या अर्थाने रीबूट आणि रीकास्टिंगचं इतकं जुनं आणि इतकं जवळचं उदाहरण आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) असताना मी उगाच बॅटमॅन का धरू?

क्रम साधारण असा. १९५५ मध्ये कुमारसेन समर्थांचा मराठी ‘शिर्डीचे साईबाबा’ आला. १९७७ मध्ये हिंदी ‘शिर्डी के साईबाबा’, बाबांच्या भूमिकेत सुधीर दळवी. १९८६ मध्ये तेलुगूत विजयचंदर. २००१ मध्ये परत हिंदीत सुधीर दळवीच. २००५ मध्ये रामानंद सागर यांची मालिका, त्यात मुकुल नाग. २०१० मध्ये ‘मालिक एक’, त्यात जॅकी श्रॉफ. २०१२ मध्ये तेलुगू ‘शिर्डी साई’, त्यात नागार्जुन. २०१७ मध्ये सोनीवर ‘मेरे साई’, त्यात आधी अबीर सूफी आणि मग तुषार दळवी. ही यादी पूर्ण नाही, पण मुद्दा मांडायला पुरेशी आहे.

यातला पहिला अडथळा कोणत्याही नटाला टाळता येत नाही. बाबांचे फोटो आहेत. दगडावर बसलेले, एका पायावर दुसरा पाय टाकलेला, डोक्याला फडकं, अंगात कफनी. घराघरात ती तसबीर. बाबांनी समाधी घेतली १९१८ च्या दसऱ्याला. समाधी मंदिरात आज दिसते ती संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि ती बसवली गेली १९५४ च्या दसऱ्याला. म्हणजे पहिला मराठी सिनेमा त्या मूर्तीच्या पुढच्याच वर्षीचा! हा तारखांचा शेजार मला सिनॉप्सिस लिहिताना दिसला आणि मी रात्री दोन वाजता उठून बसले. (नंतर कळलं की शेजार म्हणजे कारण नव्हे. दोन तारखा जवळ आहेत म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं म्हणायला पुरावा लागतो, तो माझ्याकडे नाही. माझ्या गाईडनी त्या परिच्छेदावर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘मग?’)

सुपरमॅनचा चेहरा कॉमिकमधला, चित्रकाराने काढलेला. त्याच्या नटाला थोडी मोकळीक असते. बाबांच्या नटाची तुलना मात्र भिंतीवरच्या खऱ्या फोटोशी होते, तीही पाया पडताना. म्हणून १९७७ चा निर्णय मला फार हुशारीचा वाटतो. त्या सिनेमात मनोजकुमार आहेत, राजेंद्रकुमार, हेमामालिनी, शत्रुघ्न सिन्हा आहेत. पोस्टर विकायला लागणारे सगळे चेहरे आहेत, आणि बाबा मात्र मराठी रंगभूमीवरचा नट, हिंदी प्रेक्षकाला तेव्हा फारसा ओळखीचा नसलेला. तारे कडेला, अनोळखी माणूस मध्ये. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, हॉलिवूडने सुपरमॅन केला तेव्हा तिकडेही हेच झालं: मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन बाजूला, मधोमध क्रिस्टोफर रीव्ह नावाचा जवळजवळ नवखा पोरगा. दोघांनी एकमेकांचं बघितलं असण्याचा प्रश्नच नाही. पण अडचण एकच होती आणि उत्तरही एकच निघालं. प्रेक्षकाच्या मनात नटाची आधीची ओळख नसली की तो व्यक्तिरेखेला लवकर जागा देतो.

मग जॅकी श्रॉफ? खरं सांगू, मला ‘मालिक एक’मध्ये बाबा दिसलेच नाहीत. जग्गूदादा दिसले, कफनीतले. हा नटाचा दोष नाही, तीस वर्षांच्या कारकिर्दीचं ते ओझं आहे.

नागार्जुनचा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाही हेच लिहून टाकलं होतं: स्टार आहे, म्हणून जमलं नाही. आणि इथे मी आपटले. हैदराबादच्या एका मैत्रिणीला हा मुद्दा ऐकवला तर ती हसायलाच लागली. नागार्जुनने याच दिग्दर्शकाबरोबर, के. राघवेंद्र राव यांच्याबरोबर, १९९७ मध्ये ‘अन्नमय्या’ आणि २००६ मध्ये ‘श्री रामदासु’ केले होते. दोन्ही संतकवींच्या भूमिका. तेलुगू प्रेक्षकाला तो कफनीत दिसला तेव्हा त्याच्या मागे ते दोन भक्त उभे होते. मला ते दिसत नव्हते, कारण मी ते सिनेमे पाहिलेच नव्हते. एकाच चेहऱ्याचं ओझं एका भाषेत अडचण आणि दुसऱ्या भाषेत भांडवल. ‘प्रेक्षकाला असं वाटतं’ हे वाक्य तुमच्या प्रकरणात कुठेही आलं तर थांबा आणि विचारा, कुठला प्रेक्षक? बहुतेक वेळा उत्तर ‘मी’ असं निघतं.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, कारण यात रिसर्च मेथड शिकवणारं काहीतरी आहे. ‘मेरे साई’ सुरू झाली तेव्हा अबीर सूफी बाबा होते. दोन-अडीच वर्षांनी मालिका चालू असतानाच त्यांच्या जागी तुषार दळवी आले. (आडनाव परत दळवी. शिर्डीच्या गोष्टीत योगायोगांना काही कमी नाही.) मालिका तीच, चॅनेल तेच, गावाचा सेट तोच. बदलला तो मधला चेहरा. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना, बाकी सगळं स्थिर ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची? समाजशास्त्रात असं करायला सहसा परवानगी नसते आणि पैसे तर नसतातच. पण कधीकधी जग आपणहून असा बदल करून देतं. त्याला नॅचरल एक्स्परिमेंट म्हणतात. संशोधकाने तो घडवलेला नसतो, फक्त वेळेवर ओळखायचा असतो.

मी ओळखला नाही. मी तेव्हा एमएच्या परीक्षेत अडकले होते. आता आठवणीवरून लिहितेय, आणि आठवणीवरून लिहिलेलं किती धरायचं हे तुम्हीच ठरवा. आजी रोज संध्याकाळी मालिका लागली की टीव्हीकडे बघून हात जोडायची. नवे बाबा आले त्या दिवशी तिने हात जोडले नाहीत. पदर नीट केला आणि म्हणाली, ‘ह्याचे डोळे येगळे हायेत गं.’ पुढचे काही दिवस ती नुसती बघत होती, परीक्षा घेतल्यासारखी. मग कधीतरी हात पुन्हा जोडले जायला लागले. कधी, ते मला सांगता येत नाही, कारण मी लिहून ठेवलं नाही. नेमकं तेच मला हवं आहे! किती दिवस लागले? कोणत्या प्रसंगाला? त्या प्रसंगात नटाने काही केलं, की फक्त सवय झाली?

आणि हो, एकटी आजी म्हणजे नमुना नव्हे. शिवाय ‘बाकी सगळं स्थिर’ हेही पूर्ण खरं नाही. लवकरच लॉकडाऊन आला, मंदिर बंद झालं, चित्रीकरणं थांबली. ज्या वर्षी शिर्डीला जाताच येत नव्हतं त्या वर्षी टीव्हीवरच्या बाबांकडे बघण्याची नजर वेगळी असणार. म्हणजे चेहऱ्याचा परिणाम आणि टाळेबंदीचा परिणाम एकमेकांत गुंतले. जगाने करून दिलेल्या प्रयोगात अशी गुंतागुंत जवळजवळ नेहमीच निघते. ती लपवू नका. मुलाखतीत तुम्हीच आधी सांगा, नाहीतर समोरचा सांगतो, चष्मा काढून.

चेहरा बदलता येतो, कुरकुर होते, मग सवय होते. मग काय बदलता येत नाही?

उम्बेर्तो एको या इटालियन अभ्यासकाने १९६२ मध्ये सुपरमॅनवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवलेली अडचण अशी: सुपरमॅन पुराणातल्या देवासारखा कायम तोच राहायला हवा, पण त्याला कादंबरीतल्या माणसासारखं दर महिन्याला नवीन काही घडायलाही हवं. काही घडलं की माणूस थोडा संपतो, म्हातारा होतो. म्हणून त्या गोष्टी काळ पुढे सरकूच देत नाहीत. रीबूट त्याच युक्तीची मोठी आवृत्ती आहे. हिरो म्हातारा व्हायला लागला की परत विशीत आणायचा, परत जन्मकथेपासून. सुपरहिरोच्या रीबूटचं सगळं भांडवल त्या जन्मकथेत असतं.

आणि बाबांच्या गोष्टीत नेमकी तीच जागा रिकामी आहे. साधारण सोळा वर्षांचा मुलगा शिर्डीत लिंबाच्या झाडाखाली दिसतो. मग नाहीसा होतो. पुढे धूपखेड्याच्या चांदभाई पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर परत येतो, खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापती त्याला ‘साई’ म्हणतात, आणि तो तिथेच राहतो. आईबाप कोण, गाव कोणतं, जात-धर्म काय, हेमाडपंतांच्या ओवीबद्ध ‘साईसच्चरिता’तही याचं ठाम उत्तर नाही. मशिदीत राहायचं, तिला द्वारकामाई म्हणायचं, धुनी पेटती ठेवायची, ओठांवर अल्लाचं नाव. ती रिकामी जागा भरली तर बाकीचं सगळं कोसळेल, कारण बाबा कुणाचे हे एकदा ठरलं की ते उरलेल्यांचे राहत नाहीत.

हे माझं पुस्तकी मत वाटत असेल तर जानेवारी २०२० आठवा. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि तिथे पाथरीचा उल्लेख साईंचं जन्मस्थान म्हणून झाला. १९ जानेवारीला शिर्डी बंद. मंदिर उघडं होतं, पण बाजार बंद, आसपासच्या गावांतही बंद. आमच्याकडे किराणा दुकानाचं शटर खाली होतं आणि आजी बाहेर ओट्यावर बसून विचारत होती, ‘त्यांनी कधी सांगितलं नाही, तर हे कोण सांगणारे?’ यात पैशाचा, भाविकांच्या ओघाचा प्रश्न नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हॉटेलं, दुकानं, गाड्या, सगळ्यांचं पोट त्यावर आहे. पाथरीकरांचा दावाही त्यांच्या श्रद्धेचा आहे, तो खरा की खोटा हे सांगणं माझ्या विषयात बसत नाही. मला दिसली ती एवढीच गोष्ट: नट बदलले तेव्हा कुणी दुकान बंद केलं नव्हतं. जन्मकथा लिहायला घेतली तेव्हा केलं.

स्पायडरमॅनच्या गोष्टीत कणा आहे तो काकांच्या मृत्यूचा अपराधभाव. तो न दाखवताही चालतो, पण काढून टाकता येत नाही. बाबांच्या गोष्टीत कणा आहे तो न सांगितलेल्या जन्माचा. कुठल्याही रीबूटबद्दल ‘हवा होता का?’ असं विचारायच्या आधी त्या गोष्टीचा कणा कुठे आहे हे शोधायला हवं, आणि तो सापडतो बदल करून बघितल्यावरच. म्हणून मी रीकास्टिंगच्या बाजूने आहे. प्रत्येक नवा नट गोष्टीला एक धक्का देऊन बघतो, की इथे हलतं का? यातले बरेच धक्के वाया जातात, हेही कबूल.

पण मग या सगळ्या आवृत्त्यांवर माझी तक्रार काय? तक्रार आहे, आणि मोठी आहे. चेहरे बदलले, हसू तेच राहिलं. ‘साईसच्चरित’ उघडा. त्यातले बाबा चिडतात, शिव्या देतात, चिलीम ओढतात, समोरच्याकडे दक्षिणा मागतात आणि ती वाटून टाकतात. पहिल्याच अध्यायात ते जात्यावर गहू दळायला बसतात, मदतीला आलेल्या बायका पीठ वाटून घ्यायला लागल्यावर भडकतात, आणि ते पीठ शिवेवर टाकायला लावतात, महामारी गावात येऊ नये म्हणून. काय प्रसंग आहे! दळणारा पुरुष, चार बायकांची धांदल, राग, आणि रागाच्या पोटात गावाची काळजी. मी पाहिलेल्या पडद्यांवर राग आला तरी तो क्षणभराचा. पाठोपाठ बासरी वाजते, मग प्रकाश, मग मंद हसू. १९७७ चा सिनेमा यात सगळ्यात सुसह्य वाटतो, कारण सुधीर दळवींच्या आवाजात थोडी खरखर शिल्लक आहे. मालिकांमध्ये ती पार धुऊन निघाली. भाषेचंही तेच. मशिदीत बसून गावकऱ्यांशी बोलणारा फकीर आमच्याकडच्या मराठीत आणि दखनी हिंदीत बोलत असणार. पडद्यावर येतं ते टीव्हीचं गुळगुळीत हिंदी, ज्यात राहात्याच्या बाजारात कुणी पेरूसुद्धा विकत घेणार नाही.

इतके नट येऊन गेले, आणि त्या रागाला नट मिळाला नाही. मला हवं असलेलं रीबूट हे आहे.

तर सरांना आज काय उत्तर देईन? ‘सर, एकच गोष्ट आणि दर वेळी नवा नट, म्हणूनच. गोष्ट स्थिर आहे म्हणून बदल मोजता येतो. कुठल्या बदलाला लोक आठवड्यात सरावतात आणि कुठल्या बदलाला दुकानं बंद करतात, हे मला बघायचंय.’ सिनॉप्सिसमध्ये ‘सामाजिक-सांस्कृतिक परिप्रेक्ष्य’ आता कुठेही नाही. त्या जागी तीन साधे रकाने आहेत: कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला, कोणता नव्याने घातला. प्रत्येक आवृत्तीसाठी. तुमचा विषय ऊस असो, पाणी असो की तमाशा, आधी होऊन गेलेल्या प्रबंधांसाठी असे तीन रकाने आखून बघा. गाळलेल्याचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण नसलेली गोष्ट पानावर दिसत नाही.

मागच्या गुरुवारी आजीला विचारलं, सगळ्यात चांगले बाबा कोण केले? मला वाटलं सुधीर दळवींचं नाव घेईल. ती म्हणाली, ‘त्यो जात्याचा परसंग कुणी नीट केला, ते आधी मला दाखव.’ मी पाहिलेल्या सगळ्या आवृत्त्यांमधले जात्याचे प्रसंग आता एका फोल्डरमध्ये जमवतेय. पुढच्या गुरुवारी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसणार आहोत. या वेळी वही सोबत ठेवणार आहे.